‘काढली जाणार’ ही ओळ वाचा: डेस्कटॉप अपडेट होतो म्हणजे आत काय हलतं

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय. कमांड्स आणि पॅकेजची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.)



रात्री फोन चार्जिंगला लावता तुम्ही, आणि तो झोपेतल्या झोपेत पंधरा ॲप अपडेट करून मोकळा होतो. सकाळी एखादं बटण डावीकडचं उजवीकडे गेलेलं दिसतं, आपण दोन मिनिटं चिडतो, संपलं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मोठं अपडेट लावलं की मात्र आधी समोर एक यादी येते. एवढी पॅकेजेस बदलणार, एवढी नवीन येणार, एवढी काढली जाणार. आणि खाली प्रश्न, पुढे जायचं का? वाय की एन? बहुतेक जण यादी न वाचता वाय दाबतात. आज मला ‘काढली जाणार’ या एका ओळीबद्दल बोलायचंय, कारण डेबियन 12 वरून 13 वर जाणाऱ्या बऱ्याच जणांचे निरोप आलेत आणि घाबरण्याचं कारण सगळ्यांचं तेच आहे: “ताई, ही यादी तर माझा अख्खा डेस्कटॉपच काढायला निघालीय!”

निघालेली नसते, बहुतेक वेळा. पण कधीकधी खरंच निघालेली असते. फरक ओळखायचा कसा, ते बघू.

फोनवरचं ॲप हा डबा असतो. पोळी, भाजी, चटणी, चमचा, सगळं आपापलं घेऊन येतो. शेजारच्या डब्यात काय आहे याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. लिनक्स डिस्ट्रोचा डेस्कटॉप म्हणजे पंगत. भात एकाच पातेल्यातला, वरण एकाच पातेल्यातलं, सगळ्या पानांवर तेच वाढतात. यात जागा वाचते, मेमरी वाचते, आणि वरणात खडा निघाला तर एकदाच दुरुस्त करावं लागतं. सुरक्षेची एक चूक एका लायब्ररीत सुधारली की ती वापरणारे शंभर प्रोग्रॅम सुधारले. पण पातेलं बदलायचं ठरलं तर पंगत थांबते, हेही आलंच.

आता या पंगतीचा हिशोब ठेवतं कोण? डेबियन आणि उबंटूमध्ये डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम. त्याच्याकडे एक दफ्तर असतं आणि पॅकेजमधून आलेल्या प्रत्येक फाइलची त्यात नोंद असते. मी याला सातबारा म्हणते. ही फाइल कुणाच्या नावावर आहे, ते डीपीकेजी वजा-एस-कॅपिटल अशी कमांड देऊन आणि पुढे फाइलचा पत्ता लिहून विचारता येतं. उत्तरात पॅकेजचं नाव येतं. नियम असा की एका फाइलला मालक एकच.

समजा एका मोठ्या पॅकेजची वाटणी झाली. आयकॉन आणि भाषांतरं आधी ‘अ’ पॅकेजमध्ये होती, आता ती ‘ब’ मध्ये गेली. तुमच्या मशीनवर जुना ‘अ’ अजून आहे आणि नवीन ‘ब’ आधी येऊन पोचला. एकाच जमिनीवर दोन नावं! डीपीकेजी तिथेच थांबतो आणि सांगतो की ही फाइल मी लिहू शकत नाही, ती दुसऱ्या पॅकेजची आहे. हे होऊ नये म्हणून पॅकेज बांधणाऱ्याला ‘ब’ मध्ये दोन ओळी लिहाव्या लागतात. ब्रेक्स आणि रिप्लेसेस, असे त्यांचे शब्द. अमुक आवृत्तीच्या आधीचा ‘अ’ माझ्याबरोबर चालणार नाही, आणि त्याच्या फाइली मी माझ्या नावावर घेतोय. आपल्या तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते ना, तेच हे. आणि नोंद राहिली की काय होतं, हे ज्याच्या घरात शेती आहे त्याला मी सांगायला नको.

आता खरा किस्सा बघू, केडीईचा. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये माटिआस एट्रिख या जर्मनीतल्या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा डेस्कटॉप. केडीई 3 च्या काळात तो मोठमोठ्या गाठोड्यांत यायचा. केडीई-लिब्स हे एक गाठोडं, त्यात सगळ्या सामायिक लायब्ररी. केडीई-बेस हे दुसरं. त्यात काय नव्हतं! फाइली आणि वेबपानं दाखवणारा कॉन्करर, केट हा एडिटर, कॉन्सोल हा टर्मिनल, खिडक्या सांभाळणारा केविन, खालची पट्टी, सेटिंग्ज. डेबियनवाले त्या गाठोड्यातून वेगवेगळी पुडकी बांधून देत, पण मूळ गाठोडं एकच. म्हणजे टर्मिनलमधला एक बारका दोष दुरुस्त करायचा तरी अख्खं गाठोडं पुन्हा बिल्ड करायचं.

केडीई-लिब्सचं दुखणं वेगळं होतं. एखाद्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये फक्त झिप फाइल उघडायची सोय हवी, तर त्यासाठी हे सगळं लटांबर ओढून आणावं लागायचं. चमचाभर मीठ हवं म्हणून किराणा दुकान विकत घेण्यातला प्रकार. साहजिकच केडीईबाहेरचं कुणी त्या वाटेला फारसं जात नसे.

मग वाटणी झाली. 2014 च्या जुलैमध्ये, 7 तारखेला केडीई फ्रेमवर्क्स 5 आलं आणि 15 तारखेला प्लाझ्मा 5. केडीई-लिब्स फोडून सुट्या लायब्ररी केल्या आणि त्यांना पायऱ्या दिल्या. पहिल्या पायरीवरची लायब्ररी बाकी कुठल्याच फ्रेमवर्कवर अवलंबून नसते. झिप आणि टार हाताळणारी के-आर्काइव्ह तिथली. फाइली इथून तिथे नेणारी के-आयओ तिसऱ्या पायरीवरची, तिला खालच्या बऱ्याच जणी लागतात. या लायब्ररी दर महिन्याला निघतात, प्लाझ्मा त्याच्या वेळापत्रकाने, आणि डॉल्फिन, केट, ओक्युलरसारखे प्रोग्रॅम वर्षातून तीनदा, ज्याला 2021 पासून केडीई गियर असं नाव आहे. एका घराची तीन बिऱ्हाडं झाली आणि प्रत्येकाची चूल वेगळी पेटू लागली.

बाहेरून बघताना हे छानच वाटतं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. पण डिस्ट्रोमध्ये पॅकेज बांधणाऱ्याच्या बाजूने बघा. आधी एक गाठोडं बांधायचं होतं, आता 70 हून जास्त लायब्ररी, त्याही पायरीच्या क्रमाने. खालचीचं बिल्ड फसलं की वरच्या सगळ्या अडून बसणार. आणि डेबियनमध्ये हे करणारी माणसं बहुतांशी स्वयंसेवक आहेत, रात्री नोकरीवरून येऊन बसणारी.

या वाटणीतला आपल्याला सगळ्यात जवळचा भाग भाषांतराचा. केडीई 4 पर्यंत प्रत्येक भाषेचं एक वेगळं पॅकेज असे. मराठीचं होतं केडीई-एल-टेन-एन-एमआर. सगळ्या प्रोग्रॅमचं मराठी त्या एकाच पॅकेजात. पुढे ठरलं की भाषांतर ज्या त्या प्रोग्रॅमच्या पॅकेजमध्येच जाईल. निर्णय शहाणपणाचा होता, कारण केटचं भाषांतर पूर्ण असेल तर ते केटबरोबर पोचेल, बाकीच्यांसाठी अडणार नाही. पण विचार करा, यात किती फाइलींचा मालक बदलला! हजारो. आणि फेरफाराच्या नोंदी कुठे ना कुठे राहिल्याच. त्या काळात अपडेट करताना ‘ही फाइल आधीच भाषेच्या पॅकेजमध्ये आहे’ अशा तक्रारी कितीतरी भाषांमधून आल्या. इंग्रजीत डेस्कटॉप वापरणाऱ्याला हा दोष दिसण्याची शक्यताच नव्हती, त्याच्याकडे ते भाषेचं पॅकेज नव्हतंच. म्हणून मी नेहमी म्हणते की मराठीत डेस्कटॉप वापरणाऱ्याने अपडेटची चाचणी स्वतः करावी. आपल्या वाटेवरचे खड्डे दुसरा कुणी आपल्या आधी पाहील, असं धरून चालायचं नाही.

(जाता जाता: लोहित फॉन्टचं डेबियनमध्ये मराठीसाठी वेगळं पॅकेज आहे, फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी. आपला ल आणि आपला श हिंदी वळणाचा दिसत असेल आणि डोळ्यांना खुपत असेल तर ते घाला. माझ्या खुपतो.)

आता ‘काढली जाणार’ या ओळीकडे येते. तिथे नाव येण्याची दोन मुख्य कारणं. पहिलं, पॅकेजचं नाव बदललंय. दुसरं, पॅकेजला हवं ते मिळत नाहीये.

नाव बदलण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 2024 चं. जुन्या 32-बिट यंत्रणांमध्ये वेळ मोजायचा आकडा 19 जानेवारी 2038 ला भरून वाहतो. त्यावर उपाय म्हणून डेबियनने वेळेचा आकडा 64-बिटचा करायचं ठरवलं, मुख्यतः 32-बिट एआरएमसाठी. त्यात लायब्ररीची आतली मांडणी बदलते, म्हणून पॅकेजची नावंही बदलली. शेपटाला टी-64 लागलं. लिब-क्यूटी-5-कोअर-5-ए होतं, ते लिब-क्यूटी-5-कोअर-5-टी-64 झालं. तुमच्या साध्या 64-बिट लॅपटॉपवर आत काहीच बदललं नाही, पण नाव मात्र बदललं. मग जुनं नाव काढायच्या यादीत, नवं नाव येणाऱ्यांच्या यादीत.

लग्नानंतर एखादी मुलगी नाव बदलते, तरी जुन्या नावाचं टपाल पोस्टमन तिलाच देतो ना? पॅकेजमध्येही तशी सोय असते. नव्या पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं की जुन्या नावाने कुणी विचारलं तर ती मीच. प्रोव्हाइड्स म्हणतात त्याला. त्यामुळे 64-बिट मशीनवर बाहेरून आणलेला एखादा जुना प्रोग्रॅम जुनंच नाव मागत असला तरी त्याचं भागतं. पण ही उलथापालथ चालू असताना, 2024 च्या त्या आठवड्यांत, डेबियनची अनस्टेबल शाखा वापरणाऱ्यांसमोर खरंच डेस्कटॉपचे मोठे तुकडे काढायचे प्रस्ताव येत होते. अर्धी पॅकेजेस नव्या नावाची, अर्धी जुन्याच. जे थांबले ते काही दिवसांनी बिनबोभाट पुढे गेले.

दुसरं कारण धोक्याचं. यूट्यूबवाल्या लायनस सेबॅस्टियनचा 2021 च्या नोव्हेंबरमधला व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. गेम खेळायला त्याने पॉप-ओएसवर स्टीम घालायचा प्रयत्न केला. त्या वेळी पॅकेजच्या आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता. खिडकीतल्या ॲप स्टोअरने नकार दिला, म्हणून तो टर्मिनलमध्ये गेला. तिथे इशारा आला की अत्यावश्यक पॅकेजेस काढली जातील, खात्री असेल तर अमुक वाक्य टाइप करा. वाक्याचा अर्थ होता, ‘हो, मी सांगतो तसंच कर’. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. लोक त्याला हसले. मला विचाराल तर मी दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे गुण देईन. इशारा होता, पण नावांच्या भल्यामोठ्या ढिगात. खेळायला बसलेल्या माणसाने त्या ढिगातून आपला डेस्कटॉप ओळखून काढावा, ही अपेक्षाच जरा जास्त आहे. नंतर एपीटीमध्येही असं सहज होऊ नये म्हणून सुधारणा झाल्या, ते बरं झालं.

आता माझ्या हातातलं काम सांगते. आमच्याकडे एक अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. तिथे 11 जुने संगणक आहेत, डेबियन आणि केडीई. फॉर्म भरणं, हॉल तिकीट काढणं, मराठी टायपिंगचा सराव, सगळं त्यांच्यावर. घरी संगणक नसलेली बरीच मुलं आहेत. अभ्यासिका सांभाळणारे अप्पा मला एवढंच म्हणाले, “पोरी, अपडेट कर, पण फॉर्मची शेवटची तारीख असते त्या आठवड्यात हात लावू नकोस.” सगळ्या तांत्रिक पुस्तकांत मिळून याहून चांगला सल्ला मी वाचलेला नाही.

डेबियन 12 मध्ये प्लाझ्मा 5.27 होता, 13 मध्ये 6.3. मधे 28 फेब्रुवारी 2024 ला फ्रेमवर्क्स, प्लाझ्मा आणि गियर तिघांनी एकाच दिवशी सहावर उडी मारलेली, खालची क्यूटीही 5 वरून 6 वर गेलेली. म्हणजे वाटणी, नावबदल, सगळं एकदम.

एक मशीन निवडली, कोपऱ्यातली, जिचा माऊस कुणालाच आवडत नाही. महत्त्वाच्या फाइली बाहेर घेतल्या. मग एपीटी वजा-एस फुल-अपग्रेड. ही नुसती रंगीत तालीम असते, करत काहीच नाही, काय करणार ते सांगते. काढायच्या यादीत शेकड्याने नावं. मी ती कागदावर घेतली नाहीत, घाबरू नका. फक्त तीन गोष्टी बघितल्या.

एक, केडीई-स्टँडर्ड हे नाव काढायच्या यादीत आहे का? हे मेटापॅकेज आहे. आत प्रोग्रॅम नाही, किराण्याच्या यादीसारखी नुसती पॅकेजच्या नावांची यादी आहे. ते जात असेल तर डेस्कटॉपचा एखादा खांब मिळत नाहीये, असं समजून थांबायचं. दोन, प्लाझ्मा-डेस्कटॉप आणि लॉगिनचा पडदा दाखवणारा एसडीडीएम, हे बदलणाऱ्यांत आहेत की जाणाऱ्यांत? तीन, जी लायब्ररी जातेय तिची टी-64 वाली बहीण किंवा केएफ-6 वाली नवी पिढी येणाऱ्यांत आहे का? लिब्स सोडून एखादं ओळखीच्या प्रोग्रॅमचं नाव जाणाऱ्यांत दिसलं, तर तेवढ्याची चौकशी करायची. आमच्याकडे एक निघालं, कधीतरी बाहेरून आणलेलं घड्याळाचं पॅकेज. प्लाझ्मा 5 साठी लिहिलेले पट्टीवरचे विजेट 6 वर तसेच चालत नाहीत, ते नव्याने लिहावे लागतात. घड्याळ गेलं. भिंतीवर आहेच एक.

अपडेट डेस्कटॉपच्या खिडकीत बसून चालवलं नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ-3 दाबून काळ्या पडद्यावर गेले. ज्या फांदीवर बसायचं तीच कापली जात असते, अपडेटच्या मधेच खिडकीवाला टर्मिनल बंद पडला तर सगळं अर्धवट लटकतं. डेबियनच्या सूचनाही हेच सांगतात, आणि आधी नवीन पॅकेज न आणता होईल तेवढं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड, हा दोन टप्प्यांचा क्रमही त्यांचाच.

मशीन नीट उठली. पण फोनेटिक मराठी टाइप होईना! इनस्क्रिप्टवाल्यांना काही अडचण नाही, त्यांचा कीबोर्ड थेट लेआउटमधून येतो. एफसीआयटीएक्स वापरणाऱ्यांचं अडलं. कारण शोधायला गेले तर पुन्हा नावाचीच गंमत. प्लाझ्मा 5 मध्ये लॉगिनच्या वेळी ‘प्लाझ्मा’ या नावाच्या सेशन फाइलचा अर्थ होता एक्स-11, आणि वेलँडची फाइल वेगळी. प्लाझ्मा 6 मध्ये ‘प्लाझ्मा’ म्हणजे वेलँड, आणि एक्स-11 ची फाइल झाली ‘प्लाझ्मा-एक्स-11’. पाटी तीच, दुकान दुसरं. वेलँडमध्ये एफसीआयटीएक्स चालवायचं तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड या जागी जाऊन ते निवडावं लागतं. प्रत्यक्ष बटणांच्या कीबोर्डसाठी ‘व्हर्च्युअल’ या नावाखाली कोण शोधायला जाईल? मला तरी ती जागा अजून पटलेली नाही. पण निवडलं आणि अक्षरं उमटली. ही एक ओळ कागदावर लिहून भिंतीला लावली आणि पुढच्या दहा मशीन दोन रविवारांत झाल्या.

एक्स-11 वरच राहायचं ठरवलेल्यांसाठी अजून एक गोष्ट, कारण ती पुढच्या खेपेला भोवेल. 2025 च्या जूनमध्ये प्लाझ्मा 6.4 आला तेव्हा केविनचीच वाटणी झाली. वेलँडचा केविन एका पॅकेजात, एक्स-11 चा केविन दुसऱ्या. आर्च लिनक्सने आधीच जाहीर सूचना दिली होती की एक्स-11 वापरत असाल तर प्लाझ्मा-एक्स-11-सेशन हे पॅकेज स्वतःहून घाला, आपोआप येणार नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांना अपडेटनंतर नेहमीच्या सेशनमध्ये शिरताच येईना. बघा, इथे तर काढायच्या यादीतही काही दिसणार नव्हतं. वस्तू दुसऱ्या पुडीत गेली आणि ती पुडी तुम्ही मागितलेली नव्हती, एवढंच.

डेबियन 13 मध्ये 6.3 असल्यामुळे तिथे ही वाटणी अजून पोचलेली नाही. 14 वर जाताना मात्र पोचलेली असेल. अभ्यासिकेतली दोन मशीन मी मुद्दाम एक्स-11 वर ठेवलीयत, ग्राफिक्स कार्ड फार जुनं आहे म्हणून. त्यांच्या कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, ‘14 च्या आधी केविन-एक्स-11 बघणे’. अप्पांनी विचारलं, हा केविन कोण, आपल्याकडे नाव नोंदवलंय का त्याने?